बसलेल्या माणसाएवढं खोल

परवापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर दिवसभर एक दिवा जळतो आहे. दिव्याखाली पत्र्याचं नरसाळं, नरसाळ्यात तारेची जाळी, जाळीवर चार मुठी माती आणि खाली स्पिरिटची बाटली. मृग कोरडा चालला आहे, अंगणात पाय ठेववत नाही, आणि घरात मी आणखी एक ऊन लावून बसलो आहे. बायकोने पहिल्या दिवशी विचारलं, की हे जेवायच्या टेबलावरच का. माती कुठली आहे ते मी सांगितलं. ताटं तेवढी तिने ओट्यावर नेली. तेव्हापासून आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवतो.

माती महालिंगअप्पांनी दिलेली आहे. अप्पा गेल्या आठवड्यात गेले.

दिवा मिळवायला मला लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात अर्धा दिवस फिरावं लागलं. मला तापणारा दिवा हवा होता, जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा. आता सगळीकडे थंड दिवे. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून खोका काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि विचारलं, ‘कोंबडीची पिल्लं पाळलीत का, सर?’ मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्याला चाळीस वर्षं मागे न्यावं लागलं असतं, आणि माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

नरसाळं मात्र तेच आहे. लातूर नवा जिल्हा होण्याच्या तीन-चार वर्षं आधीचं. मी औशाचा; आमच्या घरात तीन पिढ्या पत्र्याचं काम. डबे, चाळण्या, कंदिलाला डाग देणं. मीच तेवढा शिकून लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो होतो. मातीतले बारीक जीव गोळा करायला असं नरसाळं लागतं. विकत घ्यायची सोय नव्हती, म्हणून अब्बांना चित्र काढून दाखवलं. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, शिवण बसवली, डाग दिला आणि टोकाच्या भोकाला डोळा लावून बघत म्हणाले, ‘इत्ता छोटा छेद? इसमें से क्या गिरेगा?’ मी किडे म्हटल्यावर त्यांनी नरसाळं परत हातात घेतलं आणि कड आणखी एकदा घासून गुळगुळीत केली. किड्यांना लागू नये म्हणून, असं आईला सांगत होते.

युक्ती साधी आहे. मातीवर दिवा लावायचा. वरची माती तापते, सुकते. आतले जीव उजेडाला आणि उन्हाला भितात, ते खाली सरकतात. माती आणखी सुकली की आणखी खाली. शेवटी जाळी लागते, आणि जाळीखाली बाटली. वर्गात हे शिकवताना मुलं हसत. लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी वर्षी हसली नाहीत. बाहेर तेच चाललं होतं.

त्या वर्षीचा उन्हाळा आठवला की मला आधी रंग आठवतो, भाजलेल्या कौलासारखा. औसा ते लातूर एसटीत प्रवाशांपेक्षा घागरी जास्त. ज्याचा कुणी पाहुणा लातुरात बोअरवाला असेल तो रिकामी घागर घेऊन चढे. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीची खडी फुटत असायची. बाया डोक्यावरचा पदर दातात धरून घाव घालत, आणि त्यांच्या अंगावरून धूळ उडवत नव्या जिल्ह्याच्या नव्या जीपा जात. गावात जिकडेतिकडे ओल्या रंगाच्या पाट्या. भाड्याच्या घरांत कचेऱ्या बसल्या होत्या, कुणाच्या न्हाणीघरात कपाटं. प्यायला पाणी नव्हतं, पण आपण आता जिल्ह्याचे, याचा तोरा गावाला होताच.

मला मात्र सवय सुटत नव्हती. बाटलीवर लेबल लिहिताना हात आपोआप ‘जि. उस्मानाबाद’ लिहून जाई. अप्पा ते बघत, खिशातली पेन्सिल काढत, उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहीत आणि खाली दोन रेघा मारत. अप्पा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट. औशाचेच, लिंगायत, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, तरी मला सर म्हणत. एकाच एसटीने आम्ही जायचो, यायचो.

माती बहुतेक तेच आणत. त्या उन्हाळ्यात माती कसली, पीठच ते. किल्ल्याच्या भिंतीखालची आणली, आटलेल्या तळ्यातली आणली, लिंबाच्या बुडाची आणली. बाटलीत काही पडत नसे. चार वर्षांचं काम असं वाळून चाललेलं पाहून मी अप्पांना एक नियम घालून दिला, की पिशवी कायम खिशात ठेवायची, आणि कुठंही, कसल्याही वेळी ओली माती दिसली की सोडायची नाही, तिथल्या तिथं भरायची. हा नियम मी घालून दिला होता, हे मला विसरता येत नाही.

चैत्रात अप्पांच्या आई वारल्या. माझ्याकडे परीक्षेचं काम होतं, मातीला जाता आलं नाही, नंतर जाऊन बसून आलो. सुट्टी संपवून अप्पा कामावर आले तेव्हा त्यांच्या हातात गव्हाच्या पोत्याच्या कापडाची पिशवी होती, निम्मी भरलेली. काळी माती, दाबली तर बोटाला चिकटेल अशी. कुठली म्हणून विचारलं. लातूरजवळच्या मुरुडला बहिणीकडं गेलो होतो, तिच्या मळ्यातली, विहिरीजवळची, असं ते म्हणाले. मी लेबल लिहिलं, त्यांनी नेहमीसारखा जिल्हा दुरुस्त केला. रेघा मात्र मारल्या नाहीत. हे मला फार नंतर आठवलं.

तिसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी ती होती. छद्मविंचू म्हणतात त्या प्राण्याला. विंचवासारख्या दोन नांग्या, पण शेपटी नाही, डंख मारणं नाही, कुणाला इजा नाही. ज्वारीच्या दाण्याच्या निम्माही नसतो. ही मादी होती, फिकट, आणि तिला डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी डागसुद्धा नव्हता. इतक्या खोल राहणाऱ्याला ते कशाला लागतात. अप्पांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, बिनशेपटीचा इच्चू, गरीब हाय बिचारा.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी तिच्या नांगीवरचे केस मोजण्यात घालवले. केस कुठे आहेत, किती अंतरावर आहेत, यावरून जात ठरते. बाहेर आडनावावर भागतं, आमच्याकडे एवढे कष्ट. घामाचा थेंब काचेवर पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधून मी चित्रं काढली. सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या आरशातून कागदावर पडणारी तिची सावली पेन्सिलीने गिरवायची, मान अवघडली की उठायचं, माठ रिकामा असायचा, परत बसायचं. कुठल्याही पुस्तकातल्या जातीशी ती जुळेना. दूरच्या शहरातल्या एका जाणत्या संशोधकांना मी चित्रं पाठवली. त्यांचं उत्तर आलं, की ही जात नवी दिसते, पण एका मादीवर नवी जात उभी करू नये. त्याच जागेतला, तेवढ्याच खोलीवरचा नर शोधा, आणि जागा अचूक कळवा. त्यांचं काय, उंटावरून शेळ्या हाकायला ऊन लागत नाही.

मग आम्ही मुरुडच्या वाऱ्या सुरू केल्या. दर रविवारी, दोन खोरी आणि एक पिकाव घेऊन. अप्पांची बहीण, आक्का, आम्हाला भाकरी, ठेचा आणि अर्धा तांब्या पाणी द्यायची. आई गेल्यापासून भाऊ दर आठवड्याला भेटायला येतो, सोबत एका सरांना आणतो, याचं तिला फार समाधान वाटे. ती भावाच्या पाठीवरून हात फिरवी. आणि अप्पा खणत. विहिरीच्या चारी अंगांनी, गुडघ्याइतकं, मांडीइतकं. चाळिशी ओलांडलेला माणूस, त्या उन्हात. मी थांबा म्हटलं तरी थांबत नसत. मला त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटायचं. तोंडात मिठाची गुळणी धरून ते खणत होते आणि मी बाजूला उभा राहून त्यांना सावलीतून जागा दाखवत होतो.

नर सापडला नाही. काहीच सापडलं नाही. ज्येष्ठ लागला, पेपर पाठवायची मुदत जवळ आली, तेव्हा मी त्या पहिल्या पिशवीतली उरलेली माती पुन्हा चाळली. चाळणीत पानाचा एक वाळका तुकडा राहिला. उजेडासमोर धरला तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके. बेलाचं पान. मातीत पांढरे खडेही होते. चुनखडी म्हणून मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. बोटाने चुरडले तर त्यांची राख झाली. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, बेलाच्या झाडाखाली खणायला हवं.

पुढच्या रविवारी मुरुडला पोचल्याबरोबर मी अप्पांना विचारलं, मळ्यात बेल कुठं आहे. अप्पांनी खोरं खाली ठेवलं. बांधावर बसले. आक्का लांब, घराच्या दारात भांडी घासत होती. तिच्याकडे बघत, आवाज न वाढवता ते म्हणाले,

‘बेल इथं न्हाई, सर. ती माती इथली न्हाईच.’

मी पिकाव खाली ठेवला.

‘आईला माती देऊन राहिलो होतो. एक मूठ खड्ड्यात टाकली. दुसरी घेतली, ओली लागली हाताला. हात खिशात गेला, पिशवी निघाली. एक मूठ आईला, एक पिशवीत. निम्मी भरली तवा ध्यानात आलं. परत ओतायचा धीर झाला न्हाई, समदे बघून राहिले होते.’

आमच्यातही माती देतात, तीन मुठी. आदल्या वर्षी अब्बांच्या वेळी मी दिली तेव्हा ती माझ्या नखांत दोन दिवस राहिली होती. काढावीशी वाटली नव्हती. त्यामुळे अप्पा काय सांगत होते ते मला कळायला हवं होतं. दहन करणाऱ्या माणसाला कदाचित सूट देता आली असती, मला नाही. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, विभूती लावून, बेल वाहून. खड्डा बसलेल्या माणसाला पुरेल एवढा खोल खणतात. आणि खणलेल्या मातीच्या ढिगावर सगळ्यात वर सगळ्यात खालची माती असते. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा.

‘किती खोल?’

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बसलेल्या माणसाएवढं,’ ते म्हणाले.

इतकी वर्षं झाली, त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. ‘आक्काला कळू देणार नाही’ एवढं तरी आधी म्हणायचं. नाहीतर नुसतं त्यांच्याशेजारी बसायचं. मी खोली विचारली.

आणि त्यावरही थांबलो नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला. मातीतले जीव खोल गेलेत. तेवढं खोल फक्त मेलेल्या माणसासाठी खणलं जातं. म्हणजे आता कुणीतरी जायला हवं. एसटीत विभूती लावलेले म्हातारे चढले की मी त्यांचा श्वास ऐकत असे. बाजारात कुणी खोकलं की मान वळायची. मी वाईट माणूस नव्हतो, पण त्या महिन्यात झालो होतो. एक दिवस अप्पांच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारल्याचं कळलं. अप्पा रजा मागायला आले. मी रजा दिली आणि टेबलावरची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी परत आणून दिली. रिकामी, घडी घातलेली.

‘दुसऱ्याच्या आईबापाची न्हाई आणणार, सर,’ ते म्हणाले. ‘अन् आईचंबी छापू नका. लोक बघायला येतील, खणतील. माझ्या मातीच्या वेळेला घ्या. माझी मी देऊन राहिलो. तवर कागदात गावाचं नाव घालू नका.’

जागेशिवाय नव्या जातीचं वर्णन छापता येत नाही. मुरुड लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण खोट्या जागेवर नाव लावलेला प्राणी पुढे कुणाला कधीच सापडत नाही. बिचारी पोरं जन्मभर मुरुडचा मळा खणत बसली असती. मी चित्रं फाइलीत घातली, मादीची बाटली कपाटात ठेवली. संशोधकांची दोन पत्रं आली, मग तीही थांबली. माझ्या बरोबरीचे पुढे गेले. दरवर्षी नवे अंक आले की मी धडधडत्या छातीने चाळायचो, आपली जात दुसऱ्या कुणी छापली तर नाही. छापली नव्हती. हायसं वाटायचं, आणि पुन्हा वर्षभराचा थकवा.

आक्का गेली, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. अप्पा निवृत्त झाले, मग मीही झालो. औशाच्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर भेट व्हायची. चहा पिताना अप्पा माझ्याकडे बारीक नजरेने बघत आणि म्हणत, ‘तब्येत अजून बरी हाय, सर. माफ करा.’ मीही म्हणायचो, की काही घाई नाही, पेन्शन चालू आहे. आम्ही हसायचो. हसू खरं होतं. त्या एका वाक्यात त्यांनी मला माफ केलं होतं की टोचलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे गुडघे गेले, मग डोळे. गेल्या वर्षी घरी गेलो तर म्हणाले, आता आपण त्या इच्चूच्या पंगतीला बसलो, उजेड-अंधार एकच झाला.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा, महानंदाचा, फोन आला. मी रिक्षा करून गेलो. स्मशानभूमीतली चिंच वठत आली आहे. तिच्याखाली, त्यांच्या आईच्या शेजारी, अप्पांचा खड्डा खणला होता. वरची माती जुन्या उन्हाळ्यासारखीच, भुसभुशीत, पांढुरकी. ढिगाच्या माथ्यावर मात्र काळी, ओलसर. मी लांब उभा होतो आणि तिकडे बघायचं टाळत होतो. मनात ठरवून गेलो होतो, की नुसती माती द्यायची आणि परत यायचं. इतक्या वर्षांनी कुणाला पडलंय, कोण छापणार, कोण वाचणार.

महानंदा गर्दीतून माझ्याकडे आली. रडून आवाज बसला होता तिचा. पदराखालून गव्हाच्या पोत्याच्या कापडाची पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली.

‘अप्पानं ठिवली होती, सर. आठवण करू नको म्हणले, नुसती हातात दे.’

ती माझ्या शेजारीच उभी राहिली, आडोशासारखी, म्हणजे कुणी बघायला नको. मी पुढे झालो. हाताला काम माहीत होतं. एक मूठ अप्पांना, एक मूठ पिशवीत. मला रडू आलं ते पिशवीतल्या तिसऱ्या मुठीला.

एवढं कालपर्यंत लिहिलं होतं. आज सकाळी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली रिकामी केली. माझा एक डोळा आता धुरकट आहे, दुसऱ्यावर भागवतो. चार-दोन उड्या मारणारे किडे, एक गोचीडवर्गी बारका जीव, आणि तळाशी दोन फिकट ठिपके, नांग्या पसरलेले. पोटाखालच्या झाकणावरून नर ओळखतात. दोन्ही नर होते. मी फाइल काढली, पिवळ्या पडलेल्या चित्रांशेजारी ठेवून केस मोजले. पुन्हा मोजले. तीच जात. आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. फार झाला, आणि तो ज्याला सांगायचा तो माणूस नव्हता. बायको ओट्यापाशी उभी होती. तिला म्हटलं, सापडला. तिने दिवा बंद केला आणि टेबलावरून हात फिरवून मला पाणी दिलं.

मग लेबल करायला बसलो तर लेबल पिशवीतच होतं. आत, शिवणीला टाके घालून लावलेला जाड कागद. अक्षर अप्पांचं, डोळे शाबूत असतानाचं, पेन्सिलीचं, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते हे त्यांना ठाऊक होतं. ‘औसा. लिंगायत स्मशानभूमी, चिंचेखाली. खोली: बसलेल्या माणसाएवढी. जिल्हा लातूर.’ जिल्ह्याखाली दोन रेघा. त्याखाली ‘माती जमा करणार: महालिंग’. कपाटातल्या आमच्या सगळ्या बाटल्यांवर त्या जागी माझं नाव आहे. माती प्रत्येक वेळी त्यांनी आणलेली, नाव माझं. ते खोडून आपलं लिहायला त्यांनी कधी पेन्सिल काढली नव्हती, आणि मीही कधी काढली नाही.

सगळ्यात खाली ‘तारीख’ असं लिहून त्यांनी जागा कोरी सोडली होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि त्यांच्या मातीच्या दिवसाची तारीख लिहिली.